ब तुकडीच्या बुटांच्या नाड्या

सरकारने एखाद्या नोकरदाराला 'सुधारू नका' असं लेखी कळवल्याचं दुसरं उदाहरण शोधूनही सापडणार नाही. बाईंना तसं पत्र आलं होतं. वर जावक क्रमांक, खाली सही, सहीवर गोल शिक्का, सगळं रीतसर. 'चालू शैक्षणिक वर्षात आपण आपल्या अध्यापनात कोणतीही सुधारणा करू नये, ही विनंती.' तेव्हा बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या आणि पाचवीला गणित शिकवण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. आता त्या बहात्तरच्या आहेत. गुडघे कुरकुरतात, कालच्या पाहुण्याचं नाव आज आठवत नाही, पण ते एक वर्ष मात्र त्यांना तारीखवार आठवतं.

बाईंचे यजमान टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करायचे. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"अगं, लग्न झाल्यापासून मी जे सांगतोय त्याच्या बरोबर उलट सरकारने सांगितलंय. आता मी दाद कुणाकडे मागू?"

"आधी टेबलावरचा कप उचला," बाई म्हणाल्या. "तेवढं तुम्हाला सुधारता येईल. तुम्हाला कुठे पत्र आलंय?"

भानगड अशी होती. शिक्षण खात्याने त्या सुमाराला एक योजना काढली होती. शिकवण्याची नवी कल्पना ज्याला सुचेल त्याने अर्ज करावा, सरकार पैसे देईल. पण आंधळेपणाने नाही, टप्प्याटप्प्याने. पहिल्या टप्प्यात थोडे पैसे: करून बघा. दुसऱ्यात जास्त: सिद्ध करा. तिसऱ्यात सगळ्या शाळांना पुरतील एवढे. खात्यात आजवर नवी कल्पना म्हणजे वरच्या साहेबाला आंघोळ करताना सुचलेली गोष्ट आणि ती दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळांना लागू, असा शिरस्ता होता. त्यामुळे 'सिद्ध करा' हा शब्द ऐकून अर्ध्या खात्याला धाप लागली.

बाईंच्या शाळेत एक तरुण शिक्षिका नुकतीच आली होती. सव्वीस वर्षांची, काडीसारखी, आणि बोलायला लागली की वर्गाच्या खिडक्या थरथरायच्या. तिची कल्पना अशी की अपूर्णांक फळ्यावर शिकवायचेच नाहीत. प्रत्येक मुलाच्या हातात एक दोरी द्यायची. दुमडली की अर्धा, पुन्हा दुमडली की पाव. डोळ्यांना दिसलं, हातांना कळलं, की मग आकडे लिहायचे. तिला पहिल्या टप्प्याचे पैसे मिळाले. त्या पैशांत एका वर्षापुरती तिची नोकरी, चाळीस मुलांच्या दोऱ्या आणि एक पडताळणीवाले साहेब, एवढं बसत होतं. शाळेने तिचं नाव दोरीवाल्या बाई ठेवलं.

पडताळणीवाले साहेब सडसडीत, लाजरे आणि भयंकर प्रामाणिक होते. गळ्यात दोरी लावलेलं स्टॉपवॉच असायचं, म्हणून मुलं त्यांना घड्याळसाहेब म्हणत. त्यांनी पाचवीच्या ऐंशी मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या, स्वतःची टोपी काढून तिच्यात टाकल्या आणि सगळ्यांसमोर एकेक उचलली. चाळीस अ तुकडीत, दोरीवाल्या बाईंकडे. चाळीस ब तुकडीत, बाईंकडे. एका तुकडीला नवी पद्धत, दुसरीला जुनी, आणि वर्षाअखेरीला दोन्हींची तुलना.

"म्हणजे मी कोण?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही तुलनेसाठी," साहेब अदबीने म्हणाले. "तुमच्याशिवाय प्रयोग होऊच शकत नाही. फक्त तुम्ही जसं शिकवता तसंच शिकवायचं. आणि तुमची पद्धत काय आहे ती मला या फॉर्मवर लिहून द्या."

बाई पेन घेऊन बसल्या. बावीस वर्षांत आपली काही पद्धत आहे असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'मी फळ्यावर लिहिते. मुलं वहीत लिहितात. चुकलं तर परत.' साहेबांनी त्यापुढे कंसात 'जुनी पद्धत' असं टिपलं. त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव जुन्या बाई पडलं. हेडसरांनी तर हजेरीवर सही घेतानासुद्धा एकदा, "जुन्या बाई, इकडे," असं म्हटलं आणि मग जीभ चावली.

बाईंना राग आला नाही म्हणणं खोटं होईल. आला. पण त्यांनी तो फळ्यावर काढला. त्या वर्षी त्यांचा फळा पाहण्यासारखा असायचा. तीन सरळ रकाने, अक्षरं छापल्यासारखी, समान छेदाच्या पायऱ्या एकीखाली एक, जिन्यासारख्या. बघू या, म्हणत होत्या त्या मनातल्या मनात, दोऱ्या जिंकतात की खडू.

दोन्ही वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचा आडोसा होता. वार्षिक समारंभाला तो सरकवून मोठी खोली करायची अशी मूळ कल्पना, पण चाकं गंजून तो कायमचा बसला होता. त्यातून पलीकडचं सगळं ऐकू यायचं. "दुमडा! टोकाला टोक! आता ताणा!" आणि चाळीस दोऱ्या एकदम ताणल्याचा तो हलका फटकारा. मग "अय्या!" असा आवाज. अपूर्णांकांच्या तासाला 'अय्या' बाईंनी बावीस वर्षांत ऐकला नव्हता. 'हाय हाय' ऐकला होता.

आणि चिठ्ठ्यांनी एक खोडी केली होती. वर्गात दोन जुळ्या बहिणी होत्या. दहा मिनिटांनी मोठी ती थोरली आणि दुसरी धाकटी. टोपीने थोरलीला अ तुकडीत टाकलं आणि धाकटीला ब मध्ये. दुसऱ्या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, धाकटी बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. वहीत तिने एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा ठरवला होता. तिसऱ्यांदा.

"अगं, चार मोठे की तीन?" बाईंनी विचारलं.

"चार."

"मग छेद मोठा म्हणजे अपूर्णांक..."

"लहान. पाठ आहे मला. पण का?"

"का म्हणजे? नियम आहे."

"माझ्या ताईला माहितीय का ते," धाकटी म्हणाली. तिचा ओठ थरथरायला लागला. "ती म्हणते, मी सांगणार नाही, आमच्या बाईंनी शपथ घातलीय. दहाच मिनिटांनी मोठी आहे ती!"

बाईंना उत्तर माहीत होतं. आडोशाच्या फटीतून पाच महिने ते दररोज त्यांच्या कानांत पडत होतं. एका पोरीला कळायला दोन मिनिटं लागली असती, आणि ती दोन मिनिटं द्यायला सरकारने शिक्क्यानिशी मनाई केली होती. बाईंनी दाराकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. धाकटीच्या बुटाची नाडी सुटून लोंबत होती.

"नाडी काढ," बाई हळूच म्हणाल्या. "आणि दुमडून बघ."

एवढंच बोलल्या त्या. धाकटीने चारात दुमडली, ते जमलं. तीनात दुमडायला मात्र ती अडली. मग तिने नाडी सापासारखी नागमोडी ठेवली, एक वळण इकडे, एक तिकडे, आणि तिन्ही पदर सारखे होईपर्यंत ओढत राहिली. दुसऱ्या बुटाची नाडी काढून तिचे चार पदर केले. दोन्ही शेजारी धरले.

"अय्या!" धाकटी म्हणाली.

तो 'अय्या' बाईंच्या वर्गातला पहिला. त्याची चटक लागली, दुसरं काय.

धाकटीने तो शोध सुट्टी संपायच्या आत अकरा जणांना सांगितला. आठवड्याभरात ब तुकडीतले सगळे बूट बिननाड्यांचे झाले. तिसऱ्या दिवशी बाईंनी, "नाड्या आत ठेवा, वह्या काढा," असं म्हणून पाहिलं. चौथ्या दिवशी त्या स्वतःच, "नाड्या काढा," म्हणाल्या. पुढे तो रोजचा परिपाठ झाला. मुलं तासानंतर बाहेर पडायची तेव्हा व्हरांड्यात बदकांचा थवा चालल्यासारखा फटक फटक आवाज व्हायचा. खेळाचे मास्तर हैराण झाले. "धावायला सांगितलं की पोरं पुढे जातात आणि बूट मागे राहतात!" घड्याळसाहेबांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी हेडसरांना विचारलं. हेडसरांना शाळेतली कुठलीही गोष्ट माहीत नाही असं कधीच नसायचं. ते म्हणाले, "सध्याची फॅशन आहे."

रोजच्या फॉर्मवर 'आज वापरलेली पद्धत' असा रकाना होता. बाई तिथे लिहायच्या, 'नेहमीचीच'. पहिल्या दिवशी त्यांनी ते दोनदा खोडून परत लिहिलं. महिन्याभराने न खोडता लिहू लागल्या, कारण तोवर ते खरंच झालं होतं.

वर्षाअखेरीला निकाल लागला. अ तुकडीत चाळीसपैकी चौतीस मुलांना अपूर्णांक आले. ब तुकडीत तेहतीस. घड्याळसाहेबांनी अहवालात लिहिलं, 'दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही.' खात्याने लिहिलं, दुसऱ्या टप्प्याचं अनुदान मंजूर करता येत नाही. दोरीवाल्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीतला आपला खण रिकामा करायला घेतला. ती त्या दिवशी अगदी हळू बोलत होती. खिडक्या शांत होत्या.

आणि बाईंच्या घरी पत्रांचा पाऊस पडला. खात्याच्या मासिकाने 'खडूच श्रेष्ठ' असा लेख छापला होता. गावोगावचे जुने मास्तर लिहीत होते, बाई, तुम्ही आमची लाज राखलीत. या दोऱ्यांवाल्या पोरांना चांगला धडा शिकवलात. हेडसर सत्काराची तयारी करत होते, हार किती जाड असावा यावर चर्चा चालू होती. आयुष्यात बाईंना इतकं कौतुक कधी मिळालं नव्हतं. यजमान संध्याकाळी पत्रांचा गठ्ठा घेऊन यायचे आणि मोठ्याने वाचायचे.

"हे बघ, काय म्हणतोय, 'आपला खडू म्हणजे...'"

"पुरे," बाई म्हणाल्या. "अहो, ते माझं नाही."

"काय नाही?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. धाकटी, नाडी, नेहमीचीच. यजमानांनी गठ्ठा मांडीवर ठेवला.

"कबूल केलं तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

"ताकीद मिळेल. कदाचित जास्तही. पण ते राहू द्या. सगळ्यांसमोर सांगावं लागेल की त्या पोरीची पद्धत माझ्यापेक्षा चांगली आहे. वर्षभरापूर्वी शिकवायला आलेली पोर! मग माझी बावीस वर्षं कुठे गेली?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"ती घरी जाईल. दोऱ्या माळ्यावर जातील."

यजमानांनी पत्रं पुन्हा पाकिटात घालायला सुरुवात केली. "आमच्याकडे कधी कधी चुकीच्या खणात पत्र पडतं," ते म्हणाले. "छान मजकूर असतो, वाचून बरंही वाटतं. पण पत्ता दुसऱ्याचा असतो, गं."

त्या नकारावर शेवटची मोहर उठवणाऱ्या आढावा समितीची बैठक खात्याच्या कचेरीत होती. लांबलचक टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास, डुगडुगणारा पंखा. मधोमध अध्यक्षबाई, समोर छोटी घंटा. दोरीवाल्या बाई एका कोपऱ्यात, घड्याळसाहेब दुसऱ्यात. बाई उभ्या राहिल्या आणि सगळं बोलून टाकलं. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही, कारण घेतला असता तर पुढचं वाक्य निघालं नसतं.

आणि मग घड्याळसाहेब खुर्चीतून उडालेच.

"तारीख! तारीख सांगा!"

"दुसऱ्या सत्राचा तिसरा आठवडा. मंगळवार."

"तरीच!" साहेबांनी पिशवीतून गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. ग्लास भराभर उचलावे लागले. तो पंधरवड्याच्या चाचण्यांचा आलेख होता. अ तुकडीची रेघ सुरुवातीपासून चढत गेलेली. ब तुकडीची रेघ दमलेल्या माणसासारखी सपाट, आणि मग एका पंधरवड्यात एकदम जिन्यावर चढलेली. "दोन महिने डोकं खाजवतोय मी! मला वाटलं बेरीज चुकली. बाई, तुम्ही मला वाचवलंत!"

"मी तुमचा प्रयोग बिघडवला," बाई म्हणाल्या.

"बिघडवलात ना! अगदी स्वच्छ बिघडवलात!"

अध्यक्षबाईंनी घंटा वाजवली. "आनंद नंतर. वर्ष वाया गेलं ते गेलंच. आता दोऱ्यांची तुलना करायची कशाशी? पुन्हा वर्षभर थांबायला पैसे नाहीत."

इथे बाईंना गप्प बसता आलं असतं. कबुली दिली होती, कर्तव्य झालं होतं.

"माझ्याशी करा," त्या म्हणाल्या. "आधीच्या माझ्याशी. वार्षिक परीक्षेचे माझ्या मुलांचे गणिताचे पेपर माझ्याकडे आहेत. बावीस वर्षांचे. शाळा रद्दीत घालायची. मुलांची अक्षरं रद्दीत कशी घालायची, म्हणून मी घरी आणायची."

"पण दर वर्षी प्रश्न वेगळे असणार," अध्यक्षबाई म्हणाल्या.

बाई लाजल्या. "नाही. अपूर्णांकांचे सहा प्रश्न बावीस वर्षं तेच आहेत. हेडसर दर वर्षी ओरडायचे, बदला म्हणून. मी म्हणायची, मुलं बदलतात की. यंदाही तेच घातले होते, दोन्ही तुकड्यांना."

घड्याळसाहेबांनी डोळे मिटले. देव दिसल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला.

पेपर तपासायला आठ दिवस लागले. घड्याळसाहेब आणि दोरीवाल्या बाई बाईंच्या पुढच्या खोलीत जमिनीवर बसायचे. यजमानांनी वर्षवार गठ्ठे लावून दिले, टपालखात्याच्या पद्धतीने. ते आठ दिवस बाईंना अजून आठवतात. पिवळे कागद, शाईचे डाग, कडेला काढलेली जहाजं. अक्षर पाहिलं की मूल समोर उभं राहायचं. हा डावखुरा, बाहीने लिहिलेलं पुसायचा. ही पेन्सिल चावायची. हा पहिल्या बाकावर बसून झोपायचा, तेही सरळ बसून. आणि साहेब शेजारून शांतपणे मोजत राहायचे. चाळीसपैकी सतरा. चाळीसपैकी अठरा. पंधरा. सतरा. एका वर्षी एकवीस, तेव्हा बाईंनी सगळ्यांना बिस्किटं दिली. तेहतीस कधीच नाही.

तरुण शिक्षिका पहिले पाच दिवस बाईंशी बोललीच नाही. सहाव्या दिवशी म्हणाली, "तुम्ही चोरलंत माझं. आणि सांगितलंही नाहीत."

"सांगायला बंदी होती."

"चोरायलाही होती!"

"ते खरं," बाई म्हणाल्या.

ती थोडा वेळ पेपर उलटत राहिली. मग राहवलं नाही. "तुमची मुलं तिसरा भाग कसा करायची? माझ्या दोऱ्यांवर मी खुणा करून द्यायची. खुणांशिवाय जमत नाही कुणाला."

बाईंनी नागमोडी वळण दाखवलं. ती बघत राहिली. "हे कुणाचं?"

"धाकटीचं. वर्ग एकत्र असता तर दहा मिनिटांत तुझ्यापर्यंत आलं असतं."

"मग सरकारला तसं कळवा," ती म्हणाली, आणि त्या वर्षातलं पहिलं हसू तिघांनी एकदम हसून घेतलं.

समितीने दुसरा टप्पा मंजूर केला. घड्याळसाहेबांनी बजावून सांगितलं की ही तुलना चिठ्ठ्यांइतकी पक्की नाही, तेव्हा पुढच्या वेळी दुसऱ्या शाळा, नव्या चिठ्ठ्या, आणि वर्गांच्या मध्ये विटांची भिंत. दोरीवाल्या बाईंची नोकरी टिकली. बाईंना लेखी ताकीद मिळाली. सत्कार बारगळला, जाड हार हेडसरांनी खेळाच्या मास्तरांना घातला, कारण काय ते कुणालाच कळलं नाही.

एवढ्यावर बाईंनी हात झटकून मोकळं व्हायला हवं होतं. पण ते पेपर त्यांना झोपू देईनात. चाळीसपैकी सतरा म्हणजे तेवीस नाहीत. दर वर्षी असे वीस-पंचवीस. सुट्टीत त्यांनी एका वहीत नावं उतरवली, ज्यांचे पत्ते माहीत होते त्यांची. गावातच चौदा जण निघाले. मग पिशवीत दोरी टाकून बाई एकेकाकडे जायला लागल्या. यजमान म्हणाले, "लोकांना वाटेल तू डोक्यावर पडलीस." काही जणांना वाटलंही. औषधांच्या दुकानातल्या एकाने त्यांना खोकल्याचं औषध दिलं.

पाचवा होता शिंपी. तिशी ओलांडलेला, गळ्यात टेप, कानावर खडू. बाईंच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातला. सहापैकी शून्य. मशीन थांबवून तो धडपडत उठला, बाईंसाठी स्टूल पुसलं. बाईंनी दोरी काढली आणि सांगायला सुरुवात केली. तो ऐकत राहिला. मग त्याने समोरचं कापड उचललं, नागमोडी दुमडलं, तिन्ही पदर जुळवून खडूची रेघ मारली, उलगडलं. चार सेकंद.

"हे ना?" तो म्हणाला. "बाई, हे तर मी दिवसभर करतो. घेरदार झग्याला तीन पाकळ्या लागतात."

"हेच अपूर्णांक."

"हे?" त्याने कापडाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मग तेव्हा का नाही सांगितलंत? मी आजवर समजतोय, मला गणित येत नाही. बिल करायला बायको लागते."

"मलाच माहीत नव्हतं रे," त्या म्हणाल्या.

शिंप्याने खडू परत कानावर लावला. मग त्याच्या चेहऱ्यावर पाचवीतला तो खोडकर मुलगा आला, बाईंनी ज्याला वीस वर्षांपूर्वी अनेकदा बाकावर उभं केलं होतं. "मग आता परत परीक्षा घ्या की माझी."

"आत्ता? गिऱ्हाईक बसलंय तुझं."

"बसू दे त्याला."

बाईंनी पदर सावरला, घसा साफ केला आणि वर्गातल्या आवाजात विचारलं, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?"

शिंपी ताठ उभा राहिला, हात बाजूला, मान सरळ.

"आधी सांगा बाई, कापड गिऱ्हाइकाला द्यायचंय की स्वतःला ठेवायचंय? द्यायचं असेल तर चौथा हिस्सा देईन. ठेवायचं असेल तर तिसरा."

बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाने दचकून आपल्या कापडाकडे पाहिलं.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "बस खाली."